पर हेड

'पर हेड' हे दोन शब्द वाचल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे जो कोणी उभा राहिला असेल, तोच तो. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्याला नाना म्हणतात. तुमच्याकडे बापू असेल, अण्णा असेल, ऑफिसात असेल तर नुसता आडनावानं ओळखला जात असेल. बँकेची फुकट मिळालेली डायरी, डायरीला रबरबँड, रबरबँडात बॉलपेन आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात कॅमेऱ्याच्या रोलची ती जुनी काळी डबी. रोल गेले, कॅमेरे गेले; डबीत सुट्टे पैसे राहिले. या माणसानं एकदा तरी तुम्हाला जिन्यात गाठून विचारलेलं असतं, "रविवारी काय करताय? अलिबागला जाऊन येऊ. स्वस्तात." आणि त्या जिन्यात पळायला जागा नसल्यामुळे तुम्ही हो म्हटलेलं असतं.

"स्वस्तात म्हणजे साधारण किती, नाना?" असं मी पहिल्यांदा विचारलं होतं. नाना माझ्याकडे दया आल्यासारखं बघत राहिले.

"ते डोक्यांवर आहे," ते म्हणाले. "तुम्ही दोघं आलात तर पर हेड एकवीस रुपयांनी खाली येतं."

आम्ही दोघं म्हणजे त्यांच्या लेखी शेजारी नव्हतो, एकवीस रुपयांचा उतार होतो.

आता तुम्ही म्हणाल, अलिबागला जाण्यात एवढं गणित काय आहे? गेटवेला जावं, कॅटामरानचं तिकीट काढावं, तासाभरात मांडवा, तिथून त्याच तिकिटावर बस अलिबागला नेऊन सोडते. मीही हेच म्हणालो होतो. "त्या बसमध्ये सवलत चालत नाही," नाना म्हणाले. तेव्हा कळलं की हा माणूस समुद्र बघायला जात नसून सवलत बघायला जातो, आणि सवलत रेवसच्या बाजूला आहे. म्हणजे पहाटेची लोकल, कुर्ल्याला बदलून डॉकयार्ड रोड, तिथून भाऊच्या धक्क्यापर्यंत पायी (टॅक्सी हा शब्द नानांसमोर काढू नये), तिथे मासळीच्या टोपल्यांतून वाट काढत रेवसची लाँच आणि रेवसहून लाल डब्याची एसटी.

एसटीवर नानांचं प्रेम 2022 साली जडलं. त्या वर्षी महामंडळानं पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत केला. त्याआधी तळमजल्यावरच्या आप्पांकडे नानांचं फारसं लक्ष नव्हतं. आप्पा अठ्ठ्याहत्तरचे. दुसऱ्याच आठवड्यात नाना त्यांच्याकडे चहाला. "आप्पा, घरात बसून काय करता? समुद्राची हवा खा." आप्पा कायमचे सभासद झाले आणि डायरीत त्यांच्या नावापुढे एसटीच्या रकान्यात एक देखणं शून्य पडलं. पुढं मार्च 2023 मध्ये बायकांना सरसकट अर्धं तिकीट झालं, तेव्हा तर नानांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "तुम्हाला नाही जमलं तरी हरकत नाही. वहिनींना पाठवा." स्वतः नानांनी 65 वा वाढदिवस एसटी स्टँडवर साजरा केला. त्या दिवशी ते अर्ध्या तिकिटाला पात्र झाले होते. कंडक्टरला त्यांनी आधार कार्ड दाखवलं आणि वर पेढाही दिला. पेढ्यांचा खर्च 'वैयक्तिक' या रकान्यात.

हा 'वैयक्तिक' रकाना फार भयंकर. लाँचमागून येणाऱ्या सीगलना माझ्या बायकोनं वेफर्स टाकले, ते वैयक्तिक. मला धक्क्यावर दुसरा चहा लागला, तो वैयक्तिक. सार्वजनिक काय, तर जे सगळ्यांना सारखं मिळतं तेच: तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि ऊन.

या सगळ्याच्या वर आहे भरती-ओहोटी. इथे मात्र नाना खरोखरच शास्त्रीबुवा होतात. रेवसला गाळ आहे. ओहोटीला लाँच धक्क्याला लागायची पंचाईत. म्हणजे जाता-येता पाणी हवं. अलिबागला कुलाबा किल्ला समुद्रात. तिथे चालत जायचं तर पाणी नको. एकाच दिवसात, एकाच समुद्राकडून दोन्ही हवं, आणि तेही रविवारी. बोटीनं किंवा घोडागाडीनं किल्ल्यात जाता येतं, पण घोडागाडी म्हणजे पर हेड. म्हणून नाना पंचांग काढतात. किनाऱ्यावरच्या लोकांचा ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमी असेल तर पाऊणकीच्या पाढ्यात आठाचे सहा. पहाटे सहाला भरती, बाराला ओहोटी, संध्याकाळी सहाला पुन्हा भरती. म्हणजे सकाळी लाँचला पाणी, दुपारी पायाखाली वाळू, संध्याकाळी परत लाँचला पाणी. अष्टमी किंवा नवमी आणि रविवार असा योग सात-आठ रविवारांतून एखादाच येतो. आमच्या बायका संकष्टी विसरतील, पण नानांची अष्टमी विसरत नाहीत.

पहिल्या वेळी मी खूप प्रभावित झालो होतो. बाराला अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो, तर समोर किल्ला आणि मध्ये पाणी.

"नाना, ओहोटी?"

"ओहोटीच आहे ही," नाना पँट दुमडत म्हणाले. "पण अष्टमीला भांग असतो ना."

अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि हटतंही खूप. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. म्हणजे नानांच्या वेळापत्रकात बसणारा जो दिवस, त्याच दिवशी वाट पुरती उघडी पडत नाही. हे नानांना पहिल्यापासून माहीत होतं. त्यांनी ते सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर डोकी कमी झाली असती. मग आम्ही गुडघाभर पाण्यातून, चपला हातात, पिशव्या डोक्यावर, शेवाळलेल्या दगडांवरून घसरत निघालो, आणि आमच्या शेजारून घोडागाड्यांत बसलेली कुटुंबं आमचे फोटो काढत गेली. आप्पा मध्येच थांबले. म्हणाले, "नाना, मी घोडागाडीचे पैसे देतो. सगळ्यांचे देतो." नाना त्यांचा दंड धरून म्हणाले, "आप्पा, सवय लावू नका लोकांना."

किल्ल्यात नाना वेगळेच होतात. बांधकाम शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये सुरू केलं, पुढे आंगऱ्यांचं ठाणं, आत राघोजी आंगऱ्यांनी 1759 मध्ये बांधलेलं गणपतीचं देऊळ, चहूकडून खारं पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याची विहीर. विहिरीपाशी नानांचा आवाज भरून येतो. "बघा! समुद्रात राहून पाणी विकत घ्यावं लागलं नाही यांना!" तटाशी चाकाच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, त्यांच्यावर यॉर्कशरच्या कारखान्याचं नाव कोरलेलं आहे. तिथे ग्रुपचा फोटो. एकच. फोटो मोबाइलवर फुकट असतो हे नानांना पटवायला दोन अष्टम्या गेल्या. रोलमध्ये छत्तीस मिळायचे आणि धुवून घेताना पर हेड लागायचं, ती सवय.

कान्होजी आंग्रे हे त्यांचं दैवत, पण लोक समजतात त्या कारणासाठी नव्हे. लढाया, आरमार, इंग्रज-पोर्तुगीजांनी मिळून केलेली चढाई, हे सगळं नाना दोन वाक्यांत उरकतात आणि दस्तकावर येतात. या किनाऱ्यावरून गलबत न्यायचं तर आंगऱ्यांचा दस्तक पाहिजे. नसेल तर गलबत धरलं जायचं. "पर हेड नाही हो, पर गलबत!" नाना म्हणतात आणि गावातल्या कान्होजींच्या समाधीला चप्पल काढून नमस्कार करतात. 1729 मध्ये गेलेल्या सरखेलांना इतक्या मनापासून दाद देणारा हिशेबतपासनीस दुसरा झाला नसेल. हो, नाना म्युनिसिपालटीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेत. वेगळं सांगायला हवं होतं का?

बाकी स्थलदर्शन तिकिटाच्या चढत्या क्रमानं, म्हणजे शून्यापासून सुरू होऊन शून्यावर संपणारं. हिराकोट बाहेरून, कारण त्यात आता तुरुंग आहे. ("आत राहायला फुकट, जेवणासकट," हा विनोद प्रत्येक वेळी होतो. प्रत्येक वेळी म्हणजे प्रत्येक वेळी.) मग चुंबकीय वेधशाळा, तीही फाटकाबाहेरून. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे तिथल्या कुलाब्याची नाजूक उपकरणं बिघडणार, म्हणून 1904 साली पृथ्वीचं चुंबकत्व मोजण्याचं काम अलिबागला हलवलं आणि इमारतीत लोखंड येणार नाही अशी काळजी घेतली. ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते. मुंबईच्या कटकटीला कंटाळून अलिबागला पहिलं घर करणारे सिनेनट नव्हेत, लोहचुंबक होते. नानांना त्यातलं एकच भावतं: "बघा, साहेबाला पण अलिबाग परवडलं."

जेवण. माझा पोटशूळ इथे आहे. अलिबागच्या खानावळींतून सुरमई तळल्याचा वास येतो आणि आपण एसटी स्टँडच्या बाकावर बसून पुरी-भाजी खातो. एकदा आम्ही बंड केलं. नाना म्हणाले, ठीक आहे, लोकशाही आहे. खानावळीत त्यांनी सहा जणांत तीन थाळ्या मागवल्या, सोलकढी 'अनलिमिटेड' आहे का ते विचारून घेतलं, आणि नंतर बोंबलाच्या तुकड्यांना सहानं भाग जाईना म्हणून आचाऱ्याला बाहेर बोलावून अजून एक तुकडा 'राउंड ऑफ' करून घेतला. आचारी हसत होता. त्यानं दोन दिले. नाना अस्वस्थ झाले. आता एक जास्त झाला होता.

कांद्यांचं तर विचारूच नका. अलिबागचा पांढरा कांदा, गोडसर, भौगोलिक मानांकन मिळालेला, उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला माळा टांगून विकतात. नानांनी घासाघीस करून माळच घेतली, आणि परतीच्या लाँचवर मांडीवर घेऊन सोडवत बसले. पर हेड चार कांदे दिल्यावर पाच उरले. त्या पाच कांद्यांवर भाऊच्या धक्क्यापर्यंत चर्चा चालली. कुणीतरी म्हणालं, नाना, तुम्हीच ठेवा. नानांचा चेहरा लाल झाला. "मी आयोजक आहे. आयोजकानं कांदे घेतले की संपलं." पाचही कांदे त्यांनी धक्क्यावरच्या एका हमालाला दिले आणि डायरीत 'धर्मादाय' असा नवा रकाना उघडला.

हे सगळं अलिबागपुरतं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण नाना डोंबिवलीतही तसेच. लग्नात पाकीट द्यायच्या आधी हॉलच्या दारात उभं राहून केटररकडून ताटाचा भाव काढतात आणि त्याला घरच्या डोक्यांनी गुणून पाकीट भरतात, वर शकुनाचा रुपया. सोसायटीच्या सत्यनारायणाला प्रसादाचा शिरा पर हेड किती चमचे, हे त्यांनी सेक्रेटरीला लेखी दिलेलं आहे. माझ्या मेव्हण्याला दवाखान्यात भेटायला आम्ही चौघं रिक्षानं गेलो, तेव्हा परतताना नाना म्हणाले, "येताना आपण चौघं होतो. ते बरे झाले असते तर पाच झालो असतो." यात काळजी किती आणि भाडं किती, हे मला आजवर सुटलेलं नाही.

आमचा ग्रुप एकेकाळी बारा जणांचा होता. बारा हा नानांच्या मते परमेश्वराचा आकडा. दोनानं भाग जातो, तीनानं जातो, चारानं जातो, सहानं जातो. सहा आसनी मिनीडोर रिक्षा बरोबर दोन. मग एकेकानं गळायला सुरुवात केली. एक कुटुंब मुलाकडे पुण्याला गेलं. एकाचे गुडघे. एकानं गाडी घेतली आणि तो आता गाडीसकट रो-रोनं जातो. त्याचं नाव नाना घेत नाहीत. एका मावशींना दगदग झेपेना. अकरा, नऊ, सात. सात हा भिकार आकडा आहे, त्याला कशानं भाग जात नाही. आणि यातली गंमत अशी, की डोकी कमी झाली की पर हेड वाढतं. एकवीस रुपयांचा उतार घेऊन आलेले आम्ही तेवढे टिकलो, त्यामुळे डायरी आम्हाला दाखवली जाते. एका पानावर नुसती बेरीज होती. पैसे नव्हते, नावं होती, खाडाखोड केलेली.

आप्पा गेल्या पावसाळ्यात गेले. बारा दिवस सगळं रीतसर झालं, नाना रोज तळमजल्यावर. त्यानंतरच्या पहिल्या अष्टमीचा हिशेब घेऊन ते आमच्याकडे आले. लाँचचं पर हेड वाढलं होतं, मिनीडोरचं वाढलं होतं. एसटीच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "इथे काही फरक नाही. त्यांचं शून्यच होतं." आणि मग पेन डायरीत घालायचं सोडून माझ्याच टीपॉयवर विसरून गेले. असं कधी होत नाही.

मधल्या काळात त्यांच्या मुलानं, हौस म्हणून, आईवडिलांना अलिबागजवळच्या एका रिसॉर्टवर नेलं. स्पीडबोटीनं. पोहायचा तलाव, तलावाच्या कडेला समुद्र, समुद्राकडे जायचा रस्ता मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी बंगल्याच्या भिंतीनं अडवलेला. आजकाल त्या पट्ट्यात नारळांपेक्षा भिंती जास्त उगवतात आणि गुंठ्याचा भाव लोक सकाळच्या चहाबरोबर बोलतात. नानांनी रात्री भाडं विचारलं. मुलानं सांगितलं नाही. त्यांनी रिसेप्शनवरून काढलं. मग पहाटेपर्यंत जागून भागाकार केला. "त्या एका रात्रीत आपण बारा जण अकरा वेळा गेलो असतो," ते मला म्हणाले. मी म्हटलं, "पण नाना, बारा जण आहेत कुठे आता?" बोलल्यावर वाटलं, नको होतं बोलायला. नानांनी डबी उघडली, नाणी मोजली, डबी बंद केली.

परवाच्या नवमीला आम्ही चार. नाना, नानी, आम्ही दोघं. किल्ला झाला आणि अक्षीला जायचं ठरलं. अक्षीला शिलालेख आहे, शके 934 चा, म्हणजे 1012 सालचा. मराठीतला सर्वांत जुना म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. त्यात दान दिल्याची नोंद आहे, आणि बघायला तिकीट नाही. "मराठी भाषा सुरू झाली ती हिशेबानं," हे नानांचं त्यावरचं भाष्य. पण मिनीडोर सहाची आणि डोकी चार. दोन रिकाम्या सीटचे पैसे भरणं हे नानांच्या धर्मात बसत नाही. ते खाली उतरले आणि शिकारीला निघाले.

बाजूला झाडाखाली एक कॉलेजातलं जोडपं उभं होतं. जगात दोघंच आहेत अशा बेतानं उभं होतं. नाना थेट मध्ये जाऊन उभे राहिले. "नागावला का? आमच्याच रस्त्यावर आहे. चला. स्वस्तात." मुलगा नाही म्हणाला. मुलगी हसली. तेवढं नानांना पुरतं.

मुलाला ड्रायव्हरच्या शेजारी बसावं लागलं, मुलगी माझ्या बायकोच्या आणि नानींच्या मध्ये. अक्षीला त्या दोघांनी मराठीतला जुना शिलालेख सहनशीलपणे बघितला. पुऱ्या खाल्ल्या. मुलगी म्हणाली, "काका, भाजी मस्त आहे," आणि नानी इतक्या वर्षांत पहिल्यांदा नानांना न विचारता पिशवीतून लोणचं काढत्या झाल्या. नागाव राहिलंच. वाटेत नानांच्या ध्यानात आलं की मुलगी महिला असल्यानं एसटीत तिचंही अर्धं तिकीट, तेव्हा त्यांनी तिचा हातच धरला. "अहो, आधी नाही का सांगायचं!" परतीच्या लाँचवर मुलगा एका कठड्याला टेकून फोनमध्ये तोंड घालून बसला होता आणि मुलगी नानांकडून पाऊणकी शिकत होती. तिला ती माहीतच नव्हती. नानांनी आठापर्यंत म्हणून दाखवली, मग तिच्याकडून म्हणवून घेतली.

"नवमीला किती वाजता भरती, सांग."

"पावणेसात."

"आणि मग ओहोटी?"

नाना मुलीला 'सांग' म्हणाले. आम्हाला अजून 'सांगा'च आहे.

भाऊच्या धक्क्याला उतरल्यावर हिशेब झाला. मुलानं मोबाइलवरून घाईघाईत पैसे पाठवले, गोल आकडा, आणि मुलीचा हात धरून गर्दीत घुसला. नाना डायरी बघत पुटपुटले, डबी उघडली, आणि पिशवी माझ्या अंगावर टाकून धावत सुटले. पासष्टी उलटलेला माणूस, मासळीच्या पाण्यावरून, एका हातात काळी डबी. मुलानं मागे वळून बघितलं आणि पावलं दुप्पट केली. त्याला वाटलं असणार, आता आणखी काय!

"अहो, थांबा!" नाना ओरडत होते. "साडेतीन रुपये तुमचे जास्त आलेत! पर हेड पावणेदोन!"